वाक्यात कर्ता नाही

चारुदत्तच्या गाडीत मी सहा वर्षं बसते आहे. सकाळी साडेसातला तो रोरबाखमध्ये माझ्या घराखाली येतो आणि आठच्या आत आम्ही वाल्डॉर्फच्या ऑफिसात असतो. एवढ्या वेळात त्याची तीन गाणी होतात, लांबलचक असतील तर दोन. तो लावतो आणि मी सोसते. मी भावगीतांवर वाढलेली बाई. हे गिटारवाले मला सगळे एकाच घरातले भाऊ वाटतात, आणि घरात काहीतरी जोरदार भांडण चाललंय असं वाटतं. पहिल्याच आठवड्यात मी त्याला तसं सांगून टाकलं होतं. तो शांतपणे म्हणाला, "भांडणच आहे, मुक्ता. नीट ऐकलंस तर कोण कोणावर चिडलंय तेही कळेल."

चारुदत्त बावन्न वर्षांचा, मूळचा मिरजेचा. इंजिनियरिंग सांगलीला, नोकरी पुण्याला आणि गेली एकोणीस वर्षं जर्मनीत. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर पडते तेव्हा तिच्याबरोबर एक कागद जातो. काय नवीन आहे, काय दुरुस्त झालं, काय अजून व्हायचंय. तो कागद चारुदत्त लिहितो, आणि अतिशय सुरेख लिहितो. 'खालील सुधारणा या आवृत्तीत समाविष्ट होऊ शकल्या नाहीत.' त्या कोणी केल्या नाहीत हे त्या कागदात कधी नसतं, आणि ते येऊ न देणं हीच त्यातली कारागिरी. वरचे लोक त्याच्यावर खूश असतात. ऑफिसात तो एक मिनिट उशिरा आलेला कोणाला आठवत नाही.

घरचं मात्र एक काम त्याच्या हातून वेळेवर होईल तर शपथ. ऑक्टोबरात गाडीला विंटरराइफन, म्हणजे थंडीचे टायर चढवायचे असतात. एका वर्षी ते चढले जानेवारीत, बर्फ वितळल्यावर. बाल्कनीतली तुळस दर उन्हाळ्यात वाळते आणि नीता, त्याची बायको, दर उन्हाळ्यात नवी आणते. विचारलं की तो मान जरा कलती करतो आणि म्हणतो, "अगं, राहून गेलं." आणि समोरचा माणूस विरघळतो. नीता मानहाइमला एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे, पेशंट तिला टरकून असतात, पण 'राहून गेलं' म्हटल्यावर तीसुद्धा हसून सोडून देते. मीही सोडून देत आले. राहून गेलेल्या गोष्टीवर रागवायचं तरी कसं, ती बिचारी आपली आपण राहिलेली असते.

त्याच्याकडे रॉकचं जे काही आहे ते शिरीषने दिलेलं. शिरीष म्हणजे सांगलीच्या हॉस्टेलमधला त्याचा रूममेट. मी त्याला कधी पाहिलेलं नाही, पण त्याच्याबद्दल इतकं ऐकलंय की रस्त्यात समोर आला तर नावाने हाक मारेन. शिरीषचा आतेभाऊ मुंबईहून इंग्रजी गाण्यांच्या कॅसेटी आणायचा, त्याही एका दिवसाच्या बोलीवर. मग हे दोघं दोन टेपरेकॉर्डर तोंडाला तोंड लावून ठेवत. एकात वाजवायचं, दुसऱ्यात भरून घ्यायचं आणि तोवर खोलीत कोणी खोकायचंही नाही. पण खोली होती मेसच्या वर. एका गाण्यात चौथ्या मिनिटाला सगळी वाद्यं थांबतात, गाणारा श्वास घेतो, आणि नेमक्या त्या शांततेत खालून मेसचे अण्णा ओरडले होते, "भाजी संपली." ते तसंच भरलं गेलं. चारुदत्तने ते गाणं पुढची कित्येक वर्षं भाजीसकट ऐकलं. जर्मनीत आल्यावर ते पहिल्यांदा स्वच्छ ऐकलं तेव्हा, तो म्हणतो, कोणीतरी मधला तुकडा चोरल्यासारखं वाटलं. अजूनही गाडीत ती जागा आली की तो स्टिअरिंगवरचा एक हात उचलतो आणि अण्णांच्या आवाजात भाजी संपल्याचं जाहीर करतो. पहिल्यांदा मी दचकून सीटबेल्ट धरला होता.

गेल्या वर्षीच्या दिवाळीत शिरीषने त्याला एक बेत सुचवला. दर रविवारी एकाने एक गाणं पाठवायचं आणि ते ऐकून काय आठवतं ते खाली लिहायचं. एक रविवार याचा, एक त्याचा. दोघंही पन्नाशी उलटलेले, पण शाळेतल्या पोरांसारखे लागले त्याच्या मागे. शिरीषने एक गाणं पाठवलं, ते त्याने इचलकरंजीला वडिलांचे माग विकले गेले त्या दिवशी ऐकलं होतं. मागांचा खडखडाट थांबलेल्या घरात झोप येईना म्हणून त्याने ड्रमवालं गाणं लावलं, आणि वडील येऊन म्हणाले, आवाज वाढव. चारुदत्तने जर्मनीतल्या पहिल्या हिवाळ्यातलं एक पाठवलं. तेव्हाची घरमालकीण इतकी कडक, की हा प्लेअरला कान चिकटवून, आवाज एकवर ठेवून ऐकायचा आणि कान गरम व्हायचा. सोमवारी सकाळी ते सगळं मला गाडीत पुन्हा ऐकायला मिळे. खरं सांगते, मी सोमवारची वाट बघायला लागले होते. गाणी मला तेव्हाही कळत नव्हती, पण प्रत्येक गाण्यामागे एक खोली, एक माणूस, एक दुपार असायची, ती कळायची.

जानेवारीत शिरीषचा मेसेज आला. आम्ही लाल सिग्नलला उभे होतो. चारुदत्तने फोन माझ्या हातात दिला, कारण त्याला मोठ्याने वाचवेना. शिरीषने लिहिलं होतं की त्याचा डावा कान पूर्ण गेलाय आणि उजवा फार तर काही महिने टिकेल. नसांचं दुखणं आहे. पुढे यंत्र बसवता येईल, बोललेलं कळेल, पण गाणं पूर्वीसारखं कळणार नाही असं डॉक्टर म्हणतात. शेवटी होतं, 'तेव्हा जेवढं ऐकायचं तेवढं आता ऐकून घेतो. पुढचं गाणं तुझं. चांगलं निवड.'

सिग्नल हिरवा झाला. चारुदत्तने गाडी काढली. मग म्हणाला, "आता काय पाठवू मी याला?"

मी म्हणाले, "घाई करू नकोस. अशा वेळी उगाच काहीतरी पाठवायचं नसतं. शनिवारी निवांत बस आणि नीट निवड."

हे मी म्हटलं. दुसऱ्या कोणी नाही. तो त्याच सकाळी, ऑफिसच्या पार्किंगमध्ये एखादं गाणं पाठवून मोकळा झाला असता. मला वाटलं, मी फार समजूतदार सल्ला देतेय.

तो शनिवार गेला. पुढच्या आठवड्यात मी विचारलं, तर मान कलती. "अगं, राहून गेलं." मी हसले. त्यानंतर एकदा विचारलं, तेव्हाही तेच. मार्चनंतर मी विचारणं सोडलं, कारण विचारलं की गाडीत जरा अवघडल्यासारखं होई आणि मला सकाळी सकाळी अवघडलेलं आवडत नाही. सोमवारची गोष्टही बंद झाली होती. तो मात्र रोज गाणी ऐकत होता. रोज तीन, कधी दोन, माझ्या शेजारी बसून. जाताना तीन आणि येताना तीन धरली तर त्या महिन्यांत त्याने किती गाणी ऐकली असतील याचा हिशेब मी एकदा करायला घेतला आणि अर्ध्यात टाकून दिला.

सप्टेंबरात कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर शिरीषने दोन ओळी टाकल्या. 'मित्रहो, यापुढे फोन करू नका, लिहा. कान गेले.' सगळ्यांना मिळून एकच निरोप. चारुदत्तला वेगळं काही नव्हतं. हे मला नीताने सांगितलं. पुढचे दोन आठवडे आम्ही ऑफिसला जाताना जर्मन बातम्या ऐकल्या.

चारुदत्तची वल्लरी आणि माझा रुद्र दहावीत, एकाच वर्गात. नोव्हेंबरात त्यांच्या संगीताच्या बाईंनी रेफेराट, म्हणजे तोंडी मांडायचा विषय, दिला. घरातल्या मोठ्या माणसाचं आवडतं रॉक गाणं, त्यामागची त्यांची आठवण, आणि ते सगळं आउलात, म्हणजे शाळेच्या सभागृहात, पालकांसमोर सांगायचं. रुद्रने मला विचारलंही नाही. त्याने खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजोबांना गाठलं. मला राग आला, पण मी तरी त्याला काय सांगणार होते?

वल्लरीने बापाला बसवून घेतलं. तो मराठीत बोलला, ती जर्मनमध्ये प्रश्न विचारत गेली, त्यांच्या घरी असंच चालतं. दुसऱ्या दिवशी गाडीत चारुदत्त कुरकुरत होता.

"काल वल्लरीने माझी उलटतपासणी घेतली. भाजीचं सांगितलं, मागांचं सांगितलं, छान हसत होती. मग शिरीषच्या कानाचं सांगितलं. म्हटलं, पुढचं गाणं मी पाठवायचं होतं, पण ते राहून गेलं. तर म्हणते, वेअर?"

"वेअर म्हणजे कोण?"

"हो ना. कोण. मी म्हटलं, कोण काय, राहून गेलं. तर म्हणते, बाबा, या वाक्यात कर्ताच नाही. जर्मनमध्ये मी हे लिहू कसं? मी म्हटलं, लिही की, 'पाठवलं गेलं नाही.' तुमच्या भाषेत चालतं की तसं. तर म्हणते, ते सरकारी कचेरीतून आलेल्या पत्रासारखं वाटतं, बाई लाल शाईने गोल करतील."

मी हसले. हसायला नको होतं, पण हसले. "मग काय ठरलं?"

"मला विचारलं, वेळ नव्हता का? म्हटलं, वेळ होता तसा." त्याने लेन बदलली. "मग ती काहीतरी लिहीत बसली. काय ते मी काही बघितलं नाही."

गुरुवारी दुपारी चार वाजता कार्यक्रम होता. नीताची ड्यूटी होती, म्हणून चारुदत्त आणि मी शेजारी शेजारी बसलो. रुद्रने आजोबांचं गाणं बरं सांगितलं. मग वल्लरी उठली. या मुलीला मी नऊ वर्षांची असल्यापासून बघते आहे. मुक्तामावशी एवढा एकच शब्द ती माझ्याशी मराठीत बोलते, बाकी सगळं जर्मन. तिने सांगली कुठे आहे ते नकाशावर दाखवलं, तोंडाला तोंड लावलेले दोन टेपरेकॉर्डर फळ्यावर काढले आणि गाणं लावलं. चौथ्या मिनिटाला वाद्यं थांबली. ती स्टेजवरून, चक्क अण्णांच्या आवाजात, चक्क मराठीत ओरडली, "भाजी संपली." अर्थ कोणालाही कळला नव्हता तरी सगळं सभागृह हसलं. चारुदत्तचा चेहरा असा फुलला होता की मला वाटलं, एवढ्यावर हिने थांबावं.

ती थांबली नाही. शिरीषचे कान जात होते ते तिने सांगितलं, त्याने लिहिलेलं शेवटचं वाक्य सांगितलं. मग कागदावर बघून, एकेक वाक्य सुटं करून वाचलं. "माझ्या वडिलांची टर्न होती. माझ्या वडिलांना वेळ होता. माझ्या वडिलांनी गाणं पाठवलं नाही. आता त्यांच्या मित्राला ऐकू येत नाही. मी त्यांना कारण विचारलं, पण मला उत्तर समजलं नाही."

तिच्या आवाजात राग नव्हता, ठपका नव्हता. तिने जे ऐकलं ते दुसऱ्या भाषेत नीट मांडलं होतं, इतकंच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईने मागे वळून चारुदत्तकडे बघून मान हलवली, सांत्वन करतात तशी. चारुदत्तच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आणि मला त्या क्षणी स्पष्ट दिसलं की त्या यादीत एक वाक्य कमी आहे. 'मुक्तामावशीने त्यांना घाई करू नका म्हणून सांगितलं.' ते तिला माहीत नव्हतं. मी हात वर करून सांगितलं नाही.

रुद्र मित्रांबरोबर गेला. आम्ही तिघं गाडीत बसलो. चारुदत्तने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"सगळ्यांसमोर असं सांगायचं होतं का, वल्लरी?"

मागून जर्मनमध्ये उत्तर आलं, "पण बाबा, तुम्हीच तर सांगितलंत."

"मी तसं नव्हतं सांगितलं. मी म्हटलं होतं, राहून गेलं."

आरशात तिचे डोळे दिसत होते, भरलेले. मग ती चक्क मराठीत बोलली. शब्द शोधत, आणि लिंग चुकवत. "पण तो गाणं स्वतः कसा जाणार? पाठवतो तर कोणी माणूस ना?"

मी खिडकीबाहेर बघत होते. शाळेच्या आवारात सायकली काढणारी मुलं होती. मी म्हणाले, "चारुदत्त, जानेवारीत मीच म्हटलं होतं की शनिवारी निवांत कर."

"तू म्हटलंस," तो म्हणाला. "पण मला ते हवंच होतं, मुक्ता. कोणीतरी तसं म्हणावं म्हणून तर तुला विचारलं." मग किल्लीवरचा हात काढून म्हणाला, "मला काय लिहू ते सुचत नव्हतं असं नाही. मला वाटायचं, मी गाणं पाठवलं की तो ते ऐकेल, आणि मग ते त्याचं शेवटचं असलं तर? एकदा पाठवलं की मग तो रडका मेसेज करेल, मला फोन करावा लागेल. मला ते नको होतं. मी घाबरलो. एवढंच आहे ते."

त्याने फोन काढला आणि तिथेच लिहायला लागला. मी बाजूला होते, मला दिसत होतं. 'शिरीष, गाणं पाठवायचं राहून' एवढं लिहिलं आणि खोडलं. मग लिहिलं, 'शिरीष, मी गाणं पाठवलं नाही. मला वेळ होता. मी घाबरलो होतो. माझं चुकलं.' पाठवलं आणि फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं, आम्ही वाल्डॉर्फच्या रस्त्याला लागल्यावर. चारुदत्त म्हणाला, "वाच."

मी वाचलं. 'माहीत आहे रे. जानेवारीपासून जूनपर्यंत मी दर रविवारी वाट बघितली. तुझ्याकडून काही आलं नाही की मीच अंदाज करायचो की तू यावेळी काय पाठवलं असतंस, आणि ते ऐकायचो. बावीस रविवार झाले. बावीस गाणी झाली. शेवटची दोन अर्धवटच ऐकू आली. खाली यादी देतोय. यातलं तुझं कुठलं होतं? एवढंच कळू दे.'

खाली बावीस नावं होती. मी वाचत गेले. आठव्या नावाला चारुदत्तने मला थांब म्हणून हात केला, मग स्वतःच पुढे वाच अशी खूण केली. बहुतेक गाणी मी या गाडीत ऐकलेली होती. शिरीषचा अंदाज एकदाही फारसा चुकला नव्हता.

पार्किंगमध्ये गाडी लागली. आठला दहा कमी होते. आठला आमची मीटिंग होती आणि नव्या आवृत्तीचा कागद चारुदत्तच वाचून दाखवणार होता.

"कुठलं होतं?" मी विचारलं.

"कुठलंच नाही. मी निवडलंच नव्हतं. शनिवारी बसलोच नाही मी, मुक्ता. एकाही शनिवारी."

"मग यातलं एखादं सांग ना," मी म्हणाले. "आठवं सांग. त्याला किती बरं वाटेल. त्याने बरोबर ओळखलं असं होईल, निदान एक तरी तुझं म्हणून ऐकलं असं होईल. काय बिघडलं त्यात?"

चारुदत्तने माझ्याकडे बघितलं, आणि माझं मलाच कळलं की मी काय करतेय. जानेवारीत मी त्याला थांबायला सांगितलं, आणि आता खोटं लिहायला सांगत होते. दोन्ही वेळा मला वाटलं की मी मायेने बोलतेय.

"नको," तो म्हणाला. "तसं केलं तर त्याचे बावीसच्या बावीस रविवार मी पुन्हा खाल्ले."

त्याने लिहिलं, 'यातलं कुठलंच नाही. मी निवडलंच नव्हतं.' पाठवलं. आम्ही दोघं त्या फोनकडे बघत बसलो. निळ्या खुणा आल्या. शिरीष लिहितोय असं दिसलं, मग थांबला, मग पुन्हा लिहायला लागला. आठ वाजून गेले. लोक बॅगा सावरत आत जात होते, आमच्या टीममधल्या एकाने काचेवर टकटक करून घड्याळ दाखवलं. चारुदत्त हलला नाही.

मग उत्तर आलं. 'मग टर्न अजून तुझीच आहे. ऐकू येत नाही, वाचता येतं. कसं वाजतं ते लिही.'

चारुदत्तने सीट मागे सरकवली आणि फोन दोन्ही हातांत धरला. मी एकटी वर गेले. मीटिंग सुरू झाली होती. कोणीतरी विचारलं, चारुदत्त कुठे आहे, काही अडचण आली का, त्याचं यायचं कसं राहिलं. माझ्या ओठांवर नेहमीचं उत्तर आलं होतं. ते गिळून मी म्हणाले, "तो आलेला नाही. खाली गाडीत बसलाय. त्याने काम पुढे ढकललंय."